घटसर्पातला दोषी कोण?

घटसर्प झालेल्या मुलाच्या घशात करडा, चिवट पडदा धरतो. तो ओढून काढायला गेलं तर रक्त येतं. पसरला तर श्वास कोंडतो. हे घडवणारा कोरिनेबॅक्टेरियम डिप्थेरी हा ग्राम-पॉझिटिव्ह जीवाणू, म्हणजे हान्स ख्रिश्चन ग्राम यांच्या 1884 सालच्या रंगपरीक्षेत जांभळा दिसणारा.

मग पाप त्याचं?

1951 साली व्हिक्टर फ्रीमन यांनी दाखवलं, की निरुपद्रवी जीवाणूला विशिष्ट विषाणूची लागण झाली की तो विष बनवू लागतो. विषाचं जनुक मुळात त्या विषाणूचं. जीवाणूभोवती लोह कमी पडलं, की ते जागं होतं. या साखळीत हेतू कुठेच सापडत नाही, आणि बौद्ध विचारात तर चेतनेलाच कर्म म्हटलं आहे. कर्माच्या नावाने आजारी लेकराच्या पूर्वजन्माकडे बोट दाखवणं मात्र निव्वळ क्रूरपणा आहे.

जैनांचं तत्त्वार्थसूत्र हिंसेचं मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात पाहतं. हा निकष थेट मोठ्या माणसांना लागू होतो: बाळाला 6, 10 आणि 14 आठवड्यांना सरकारी केंद्रात लस फुकट मिळते, तरी ती चुकवली जाते. ही लस जीवाणूला मारतही नाही, फक्त त्याचं विष निकामी करते. लस घेतलेल्याच्या घशातही तो राहू शकतो.