मोटार आणि दिलेला शब्द

सोमवारी मोटार पहिल्याच चावीला सुरू झाली, म्हणून मंगळवारीही होईल काय? डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४८ साली हाच सवाल सूर्याबद्दल केला होता: आजवर रोज उगवला, म्हणून उद्याही उगवेलच, हे कशावरून? ह्यूमसाहेबांच्या दारात मोटार असती, तर त्यांना सूर्यापर्यंत जावेच लागले नसते!

आमच्या चारठाण्यात सहामाहीच्या आठवड्यात हा सवाल पुस्तकात राहत नाही. बॅटरी बसते, शेजारी धक्का मारतात, आणि मागच्या सीटवरून 'बाबा, तुम्ही म्हणाला होतात!' येते. मग बेभरवशाच्या वस्तूच्या जिवावर शब्द द्यावा का?

द्यावा; पण बँकेच्या रीतीने. कर्जदार डळमळीत असला की आम्ही जामीनदार मागतो. 'मोटारीने सोडतो' हा शब्दच नव्हे; 'वेळेवर पोचवतो' हा शब्द. आमच्या मोटारीला जामीन एस.टी., १ जून १९४८ पासून रस्त्यावर असलेली. अर्धा तास आधी उठणे, हे व्याज.

गावातली यादवकालीन देवळे तरी एका दगडाच्या भरवशावर कुठे उभी आहेत? एकाचा भार दुसऱ्याने घेतला, म्हणून टिकली. धक्का मारणाऱ्या शेजाऱ्यांना मात्र ही उपमा सांगू नये. दगड म्हटलेले कुणाला आवडते?