आप्तवाक्य आणि सालईचा डिंक

पुण्याच्या रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत गुग्गुळ दोन कारणांसाठी मागितला जातो. कुणाला तिन्हीसांजेला देवापुढे धूप घालायचा असतो, कुणाचा गुडघा सुजलेला असतो. पहिल्या गिऱ्हाइकाला पुरावा लागत नाही, आणि त्याच्याकडे तो मागायचं कारणही नाही. दुसऱ्याचं काय? झाडाच्या सालीतून पाझरलेला डिंक सांध्यांचा जुनाट दाह शमवतो, हे ग्रंथात लिहिलंय एवढ्यावर त्याने विश्वास ठेवावा का?

या प्रश्नावर पुण्यात दोन पक्ष हमखास भेटतात. ऋषींनी सांगितलेलं तपासणं हा एकाला अधर्म वाटतो. दुसरा ग्रंथ जुना म्हणूनच बाजूला सारतो. दोघांनीही चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय सावकाश वाचायला हवा.

त्या अध्यायात माणसाच्या तीन एषणा, म्हणजे ओढी, सांगितल्या आहेत: प्राणाची, धनाची आणि परलोकाची. परलोकाचं नाव निघताच शंका उभी राहते. मेल्यावर पुन्हा जन्म आहे की नाही? चरक ही शंका दडपत नाहीत. आप्तोपदेश (विश्वासू जाणत्यांचं वचन), प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशा चार परीक्षा ते मांडतात आणि पुनर्जन्माचा प्रश्न या चारही कसोट्यांवर घासून पाहतात. त्यांचा निष्कर्ष कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण पुनर्जन्मालाही जिथे परीक्षेतून सूट नाही, तिथे डिंकाला ती का मिळावी?

गुग्गुळासारखाच झाडातून पाझरणारा सालईचा डिंक महाराष्ट्राला परका नाही. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर सालईची झाडं आहेत; ग्रंथांतली शल्लकी ती हीच. तिच्या डिंकातली बॉस्वेलिक आम्लं ५-लायपॉक्सिजनेज या विकराला आवर घालतात, आणि दाह भडकवणारी ल्युकोट्राईन्स त्या विकराच्या मदतीनेच तयार होतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या सायक्लोऑक्सिजनेज या दुसऱ्याच विकरावर काम करतात. हे डोळ्यांना दिसत नाही, अनुमानानेच कळतं. डोळ्यांना दिसणारं थोडं आणि न दिसणारं अफाट, हे चरकांनीही त्याच अध्यायात बजावलं आहे.

मात्र परीक्षानळीतून रुग्णापर्यंतची वाट लांब आहे, आणि पुण्यात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने ती चालून पाहिली. अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांचं औषध संधिवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, १८२ रुग्णांवर तपासलं गेलं. कुणाला खरी गोळी मिळते आणि कुणाला रिकामी, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरलाही. निकाल २००० साली छापून आला. खरी गोळी घेणारे सुधारले. पण रिकामी गोळी घेणाऱ्यांतही इतके सुधारले, की औषधाचं श्रेय ठामपणे वेगळं काढता आलं नाही.

इथे थांबायला हवं. रिकाम्या गोळीने बरं वाटलेल्या माणसाचं दुखणं खोटं नव्हतं आणि त्याला पडलेला आरामही खोटा नव्हता. डॉक्टरने हात लावून सांधा पाहिला, विचारपूस केली, पुन्हा बोलावलं. चरकांच्या चिकित्सेच्या चार पादांत वैद्य, परिचारक आणि रुग्ण हे औषधाच्या बरोबरीने मोजले जातात, ते उगाच नाही. श्रद्धेला शरीरात जागा आहे. फक्त श्रद्धेचं काम डिंकाच्या खात्यावर लिहू नये, कारण मग दोन्हींचं मोल कळेनासं होतं.

त्याच चार वनस्पतींचं औषध पुढे गुडघ्याच्या झिजेच्या ९० रुग्णांना ३२ आठवडे दिलं गेलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ते रिकाम्या गोळीपेक्षा स्पष्टपणे सरस ठरलं. एका दुखण्यात निसटलेलं यश दुसऱ्यात हाती लागलं. औषध, रोग, काळ आणि शरीर यांचा मेळ बसावा लागतो. चरक युक्ती समजावताना पाणी, नांगरट, बी आणि ऋतू एकत्र आल्यावर येणाऱ्या पिकाचा दाखला देतात, तो हाच विचार आहे.

मग २०१३ सालची मोठी चाचणी आली: ४४० रुग्ण, २४ आठवडे, अनेक केंद्रं. गुळवेल, सुंठ, आवळा आणि सालई यांचे दोन कल्प एकीकडे, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब दुसरीकडे. वेदना आणि हालचाल या दोन्हींत आयुर्वेदाचे कल्प आधुनिक औषधांच्या तोडीचे ठरले. या चाचणीत रिकाम्या गोळीचा गट नव्हता आणि २८ टक्के रुग्ण मधेच बाहेर पडले, हेही निकालासोबतच वाचायला हवं.

त्याच अहवालातली आणखी एक नोंद आयुर्वेदावर प्रेम करणाऱ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. २६ रुग्णांच्या रक्तात एसजीपीटी हे यकृताचं विकर वाढलेलं आढळलं. आयुर्वेदिक कल्प घेणाऱ्या सात जणांना चाचणीतून बाहेर काढावं लागलं. औषध थांबवल्यावर त्यांच्या रक्तातलं या विकराचं प्रमाण पूर्ववत झालं. त्यांना कसलाही त्रास जाणवत नव्हता. रक्त तपासलं नसतं तर ही वाढ रुग्णाला कळली नसती आणि वैद्यालाही नाही, मग वैद्य कितीही अनुभवी असो. गुग्गुळाचे किंवा सालईचे कल्प महिनोन् महिने घेणारे असंख्य लोक आज पुण्यात आहेत. त्यांपैकी बहुतेकांनी ते सुरू करण्याआधी यकृताची तपासणी केलेली नसते, आणि ती करा असं त्यांना कुणी सांगितलेलंही नसतं.