खुणा आणि वाचन

घाटघरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांच्या दक्षिणेची त्यात नोंद आहे. त्यातली एक रक्कम २४,४०० कार्षापण. कोरणाऱ्याने ती वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी फोडून लिहिली, कारण त्या पद्धतीत शून्य नव्हते, एकक-दशकाची घरेही नव्हती.

हीच रक्कम ८०८५ या मायक्रोप्रोसेसरला देऊ. इंटेलची १९७६ची ही चिप आपल्याकडे बारावीच्या संगणकशास्त्रात अनेक वर्षे शिकवली गेली. तिच्या ८ बिटांच्या रजिस्टरमध्ये २५५च्या पुढची संख्या मावत नाही. म्हणून इथेही फोड आलीच: ९५ गुणिले २५६, अधिक ८०. मेमरीत ही चिप आधी ८० ठेवते, पुढच्या पत्त्यावर ९५. हा क्रम माहीत नसलेल्याने तेच बाइट उलट धरले, तर उत्तर येईल २०,५७५. बिट एकही बदललेला नसतो. चुकते ते वाचन.

त्यातला ८० हा बाइट अक्षर म्हणून वाचला तर इंग्रजी ‘पी’. तोच ८०८५पुढे आज्ञा म्हणून आला, तर बी रजिस्टरमधली संख्या डीमध्ये उतरते. मेमरीत नुसत्या खुणा असतात. अर्थ ठरतो तो वाचण्याच्या नियमाने. संगणकाच्या रचनेचा पाया माझ्या मते हाच आहे. नियम विसरला की काय होते, तेही ब्राह्मीने दाखवले आहे. कित्येक शतके अक्षरे दगडावर होती, पण जेम्स प्रिन्सेपने १८३७च्या सुमारास लिपी उलगडेपर्यंत ती वाचणारे कोणी नव्हते.

रोजच्या कामाला, बाइटांकडे न पाहता लिहिता येणाऱ्या पायथनसारख्या वरच्या पातळीच्या भाषा हव्यातच. पण नाणेघाटाच्याच जुन्नर तालुक्यात, खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आकाशातल्या रेडिओलहरी टिपतात. त्या लहरींचे आकडे किती बिटांत मोजायचे, कुठल्या क्रमाने ठेवायचे, हे कुणाला तरी ठरवावेच लागते. ते ठरवणाऱ्यांत इथली मुले असावीत, असे मला मनापासून वाटते. सुरुवातीला त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. वही आणि ८०८५च्या आज्ञांचा तक्ता पुरतो. दोन मोठ्या संख्या बाइटांत फोडाव्यात, एकेका आज्ञेने त्यांची बेरीज करावी आणि हातचा कॅरी फ्लॅगमधून पुढच्या बाइटात कसा जातो, ते स्वतः लिहून पाहावे. एवढे जमले की पुढचे प्रश्न मुले आपणहून विचारू लागतात.