भिंतीचं ओझं

भिंतीला खिडकी पाडणं हे गवंड्याचं काम. ती पाडावी की नाही, हे ठरवणं मात्र त्याचं काम नव्हे. नवं घर बांधताना हा प्रश्न येतच नाही. कागदावर चौकोन काढला की खिडकी झाली. जुन्या दगडी घराचं तसं नसतं. ज्यांनी भिंत उभी केली ते विचारायला हयात नसतात, आणि उद्या जे तिच्याआड राहणार ते अजून जन्माला यायचे असतात. मधल्या माणसानं पहार हातात घ्यायची ती कुणाच्या हक्कानं?

आमच्या घरात हा प्रश्न चांगला दीड वर्ष चालला. शेताच्या वाटणीला इतके दिवस लागले नव्हते.

आमचं घर मराठवाड्यात असतात तसलंच. पावणेतीन फूट रुंदीची काळ्या दगडाची भिंत, वर माळवद. बाहेरून बघणाराला वाटतं, भिंत म्हणजे एकसंध दगड. तसं नसतं. तिला दोन पदर असतात, एक बाहेरचा आणि एक आतला. मधलं पोट चिपांनी आणि मातीनं भरलेलं. माळवदावर हात-दीड हात मातीचा थर. दर उन्हाळ्यात पावसाच्या आधी त्यावर पांढरीची नवी माती पडायची. जुनी कुणी काढत नसे. म्हणजे पिढी वाढत गेली तसं छताचं ओझंही वाढत गेलं. भिंत बिचारी कुरकुर न करता ते पेलत राहिली.

या भिंतीला खिडकी नव्हती. त्याला कारणं होती. पारा बेचाळीसच्या वर गेला तरी आत गारवा राही. चोराचिलटाचं भय होतं, आणि वर्षाचं धान्य घरातच असायचं. अंधार हेच त्या काळचं कुलूप होतं. माजघरात उजेड यायचा तो वरच्या सवण्यातून. माळवदाला ठेवलेलं ते वितभर भोक. त्यातून धूर वर जायचा आणि उन्हाचा एक गोल तुकडा खाली यायचा. तो तुकडा उखळापाशी आला की आजी म्हणायची, "भाकरी बांधा, रानात न्यायची येळ झाली." घरात घड्याळ पुष्कळ उशिरा आलं. पण पावसाळ्यात सवण्यावर फरशी झाकावी लागे. मग चार महिने ना ऊन, ना धुराला वाट. पुरुष ढाळजेत आणि ओसरीवर बसायचे. अंधार बायकांच्या वाट्याला होता.

मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट उजाडली. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं दमून निजली होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीच्या पट्ट्यात जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली सुमारे आठ हजार माणसं गेली. बहुतेकांना मारलं ते अशाच भिंतींनी आणि अशाच माळवदांनी. भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, मधला भराव खाली बसला, बाहेरचा पदर बाहेर पडला, आतला आत, आणि वरची सगळी माती निजलेल्या माणसांवर आली. आमचं गाव त्या पट्ट्याच्या कडेला. आमच्याकडंही घरं पडली. आमची भिंत मात्र उभी राहिली. नंतर कळलं, तिच्यात जागोजाग दोन्ही पदरांना धरणारे आरपार लांब दगड घातलेले होते. कुण्या पणज्या-खापरपणज्यानं गवंड्याला पायली-दोन पायली जास्त ज्वारी दिली असेल आणि हे जादा काम करून घेतलं असेल.

त्या दिवसापासून आमच्या घरात भिंतीला देवपण आलं. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागू लागलं. आणि अशा भिंतीला आईनं 1998 साली खिडकी मागितली.

थोरले चुलते म्हणाले, "जिनं आपल्याला राखलं, तिच्याच पोटात पहार घालायची?" पुण्याला असणारा चुलतभाऊ म्हणाला, "असली घरं आता राहिली नाहीत. मूळचं आहे तसं ठेवायला पाहिजे." तो दिवाळीला चार दिवस यायचा. तिसरं कुणी म्हणालं, "बल्ब हाय की! आणखी एक लावा."

आई थोरल्या दिरासमोर कधी बोलत नसे. ती दाराआडून माझ्याशी बोलली, पण ओसरीपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं. "त्यांना म्हणावं, भीत तुमच्या वाडवडलांची, खरं हाय. पर तिच्या आत चाळीस वर्सं म्या काढली. त्यांनी ती ओसरीवरनं बघितली, म्या चुलीम्होरनं. बल्ब दिवस दावतो का? भाईर पाऊस आला का ऊन पडलं, ते मला कुणीतरी आत येऊन सांगावं लागतं."

ओसरीवर कुणी काही बोललं नाही.

परंपरा राखावी की मोडावी, यावर आपल्याकडं पुष्कळ बोललं जातं. बोलणारे बहुधा ओसरीवरचे असतात. जुनी गोष्ट टिकते तेव्हा ती टिकवण्याची किंमत रोज कुणीतरी मोजत असतं, आणि मोजणाराचं नाव त्या गोष्टीवर कोरलेलं नसतं. आमच्या भिंतीचा गारवा सगळ्यांचा होता; तिचा धूर एकटीचा होता. म्हणून भिंत कुणाची, या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की जो तिच्या आत दिवस काढतो त्याचा शब्द आधी ऐकावा. चार दिवस येऊन कौतुक करणाराचा नंतर.

पण आधी ऐकावा म्हणजे तेवढ्यावर निकाल द्यावा, असं नाही. चुलत्यांनी दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेतलं. "तुझी आई म्हणती ते बरोबर हाय. पर त्या छताखाली आठ माणसं निजतात. एकाच्या उजेडासाठी आठांचा जीव टांगायचा का?" ही नुसती आडमुठेपणाची भाषा नव्हती. किल्लारीला त्यांनी ढिगारे उपसले होते.

याचं उत्तर मला देता येण्यासारखं नव्हतं. ते मिस्त्रीनं दिलं. भूकंपानंतर जुनी घरं बळकट करायची कामं निघाली, तेव्हा तो ती शिकला होता. भिंतीला दोन्हीकडून हळूहळू भोक पाडायचं, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे सुटू पाहणारे दोन पदर बांधले जातात. चुलत्यांना तो हसून म्हणाला, "दादा, भोक पाडून मी भिती बळकट केल्यात. भोकाला भेऊ नका. कुठं पाडायचं अन् कसं पाडायचं, तेवढं बगा."

आईला खिडकी चुलीपाशी हवी होती, म्हणजे कोपऱ्यात. त्याला त्यानं साफ नकार दिला. "कोपरा म्हंजे घराचा गुडघा. तिथं छन्नी लावायची न्हाई." या बाजूला तुळयांची टोकं थेट भिंतीवर टेकलेली, तर दोन तुळयांच्या मधली जागा त्यानं हेरली, चुलीपासून सहा हात लांब. आई थोडी हिरमुसली, पण म्हणाली, "बरं, उजेडाला पाय असतात."

आता राहिली पलीकडची बाजू. भिंतीच्या बाहेर भावकीचं अंगण. त्यांच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं. भिंत आमची, जागा आमची, मग विचारायचं कशाला, असं घरात काहींचं मत. कायद्याचं म्हणाल तर 1882 चा एक सुविधाधिकाराचा कायदा आहे. त्यात वीस वर्षं बिनतक्रार घेतलेल्या उजेडावाऱ्यावर हक्क लागतो. म्हणजे खिडकी पाडणाराला आज उजेड मिळतो आणि शेजाऱ्याच्या अंगणावर उद्या एक बंधन बसू शकतं. आपल्या भिंतीला पडलेलं भोक दुसऱ्याच्या अंगणात उघडतं, हे विसरून चालत नाही. तिथं त्यांच्या बायका केस वाळवतात, लेकरांना न्हाऊ घालतात.

शेवटी आईच गेली. पाच वर्षांनी त्या उंबऱ्यावर गेली. चुलत चुलतीनं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली : "उजेड न्या बाई, नजर नगं." म्हणून खिडकीची खालची कड जमिनीपासून सहा फुटांवर ठरली. डोक्याच्या वर. दोन फूट रुंद, दीड फूट उंच. बाहेरून लहान आणि आतून पसरत गेलेली. किल्ल्याच्या तटाला जंग्या असतात त्या घडणीची. खालची कड आत उतरती, म्हणजे ऊन घसरत जमिनीवर यावं.

काम चार दिवस चाललं. पहिला दिवस एकही दगड न काढता गेला. छताला आतून टेकू दिले, बस्स. चुलते म्हणाले, "आरं, सुरू कर की." मिस्त्री म्हणाला, "हेच सुरू हाय. दगड काढणं सोपं असतं. आधी त्याच्या डोक्यावरचं ओझं कुणाच्या खांद्यावर द्यायचं, ते ठरवावं लागतं."

मग त्यानं बाहेरच्या पदरात वरच्या कडेला फक्त एक आडवी खाच पाडली, गोठ्यातल्या जुन्या सागवानी तुळईचा तुकडा तीत बसवला, दोन्ही बाजूंना वीतभर भिंतीत घुसवून. फटी चिपांनी आणि चुन्यानं आवळल्या. दुसऱ्या दिवशी आतल्या पदरात तसाच दुसरा तुकडा. ओझं त्या तुळयांवर आलं, तेव्हाच खालचे दगड निघाले. तेही पहारीनं उचकटून नव्हे, छन्नीनं मोकळे करून, एकेक. बाजूच्या कडांना चार नवे आरपार दगड घातले, कापलेले पदर सुटू नयेत म्हणून.

गुप्तधन निघतंय का बघायला अर्धं गाव येऊन गेलं. भिंतीच्या पोटातून निघालं काय, तर चिपा, खापराचे तुकडे आणि फुटक्या जात्याची अर्धी पेड. चुलते ती पेड कितीतरी वेळ हातात धरून बसले. वाडवडलांची म्हणून जी भिंत आम्ही पुजत होतो, तिच्यात त्यांनी त्यांच्या घरातल्या कुण्या बाईचं मोडलेलं जातं घातलं होतं. त्यांनीही जुन्यातलं मोडलं होतं, जोडलं होतं, हाताला आलं ते वापरलं होतं. मूळचं मूळचं म्हणतात ते शोधत गेलं तर असं कुठंतरी जात्याच्या तुकड्याशी येऊन थांबतं.

त्याच साली गावात दुसऱ्या एका घरानं रस्त्याच्या बाजूनं दुकानाचं शटर बसवायला कोपऱ्यापासून नऊ फूट भिंत एका दिवसात पाडली. टेकू नाही, वर आधार नाही. "जुनाट भिंत, काय करायची ठेवून?" असं म्हणत पाडली. पहिल्याच मोठ्या पावसात माती भिजून जड झाली आणि माळवदाचा एक खण बसला. म्हातारीचं अंथरूण त्याच खणात असायचं. ती त्या रात्री लेकीकडं गेली होती म्हणून वाचली.

भिंतीला हात लावू नका म्हणणारा आणि ती पाडून टाका म्हणणारा, हे दोघं मला एकाच जातीचे वाटतात. दोघंही ओझ्याचा हिशेब करत नाहीत. पहिला आतल्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं बघत नाही. दुसरा दगडाच्या डोक्यावरचं. हे दगडामातीपुरतंच नाही. घरातली रीत असो, गावातला पायंडा असो, ज्याला तो जाचतो त्याला तो बदलायचा पुरता हक्क आहे. पण त्या रीतीवर आणखी कुणाकुणाचं टेकलेलं असतं, म्हातारं, लेकरू, पलीकडचं अंगण, त्यांच्यासाठी आधी तुळई बसवावी लागते. आणि तुळई बसवायची म्हणून छन्नी कायमची लांबणीवर टाकली, तर तीही लबाडीच. मिस्त्रीला टेकूंना एक दिवस लागला होता, दीड वर्ष नाही.

ऊन आत आलं तेव्हा आई आधी खूश झाली नाही, दचकली. "एवढी काजळी होती व्हय?" इतकी वर्षं ती रोज झाडत आणि सारवत होती ती भिंत तिनं नीट पहिल्यांदाच बघितली. पुढचे आठ दिवस घर घासण्यात गेले. उजेड काही फुकट येत नाही.

काढलेले दगड चुलत्यांनी फेकू दिले नाहीत. मोजून सतरा निघाले. ते न्हाणीमागं रचून ठेवायला लावले. पुढच्या कुणाला खिडकी नको वाटली, तर त्याला बाहेरून दगड आणायला लागू नयेत, म्हणाले. अजून ते तिथं आहेत. दोनांवर सुना कपडे धुतात.