ऋषिपंचमीचे व्रत आणि आपल्या ताटातील बैल



श्रीगणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीस, आपल्या शहापूर-मुरबाड परिसरातील कित्येक घरांत एक कठीण व्रत पाळले जाते. आदल्या दिवशीच मोदकांचा नैवेद्य झालेला असतो, पाहुण्यांची वर्दळ असते. आणि अशा ऐन उत्सवात घरातील वडीलधारी स्त्री मात्र त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काहीही खात नाही. पहाटे आघाड्याच्या काडीने दात घासून ती स्नान करते; कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी व वसिष्ठ या सप्तर्षींचे आणि देवी अरुंधतीचे पूजन करते; आणि मग एकवेळ ऋषीची भाजी खाऊन राहते.

संस्थानच्या कार्यालयात उपवासासंबंधी वर्षभर प्रश्न विचारले जातात. जिरे चालते का, कोथिंबीर चालते का, येथपासून सुरुवात असते. एकादशीच्या फराळाने आपल्याला मार्ग फार सोपा करून दिला आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही सर्व मंडळी मूळची अमेरिका खंडातील. आपल्या पूर्वजांना ती ठाऊकही नव्हती. आज मात्र त्यांच्याशिवाय उपवास घडत नाही, आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच आपल्याविषयी केली आहे. ऋषिपंचमीला अशी पळवाट नाही.

काही वर्षांपूर्वी त्याच दिवशी एक वृद्ध माउली दर्शनास आल्या. फराळाचा प्रसाद म्हणून मी वरीचा भात द्रोणात त्यांच्यापुढे केला. त्यांनी विचारले, “भाऊ, हे हाताचं का बैलाचं?” मी म्हणालो, “आजी, वरी आहे, उपवासाला चालते.” त्या म्हणाल्या, “चालते रे, पण कुणाच्या शेतातली?” पोते किराणा दुकानातून आलेले; त्यापलीकडे मला काही सांगता येईना. त्यांनी प्रसाद कपाळाला लावला, नातवासाठी झाकून घेतला, आणि पायरीवर बसून घरून आणलेली अळूची भाजी खाल्ली. पदवीधर माणूस, इतकी वर्षे प्रसादाचा हिशेब लिहिणारा, आणि प्रसादाची एवढीशी माहिती मला नव्हती.

या व्रताची कहाणी बहुतेकांनी ऐकलेली असेल. मृत्यूनंतर एका ब्राह्मणाचा बैल झाला आणि त्याच्या पत्नीची कुत्री झाली. दोघे आपल्याच मुलाच्या घरी आले. श्राद्धाच्या दिवशी खिरीत सर्पाचे विष पडलेले कुत्रीने पाहिले, घरच्यांचे प्राण वाचावेत म्हणून तिने खीर बाटवली आणि मार खाल्ला. बैलाला दिवसभर नांगराला जुंपले, आणि रात्री त्यालाही उपाशी ठेवले. रात्री गोठ्यात दोघांचे बोलणे मुलाने ऐकले, आणि त्यांच्या उद्धारासाठी हे व्रत केले. कहाणीत या जन्माचे कारण स्त्रीच्या विटाळाशी जोडलेले आहे. ते आजच्या लेकीसुनांना पटत नाही, आणि मलाही पटत नाही. परंतु ज्याच्या नावाने श्राद्ध घातले तोच बाप अंगणात उपाशी उभा आहे आणि मुलाला ओळखू येत नाही, हे चित्र ऐकणाऱ्याला सोडत नाही.

आता स्वयंपाकघरात येऊ. बैलाचे श्रम वर्ज्य म्हटल्यावर काय काय जाते, ते पाहावे. भात जातो, कारण चिखळणी बैलांनी केलेली. पोळी जाते, डाळ जाते. तेल जाते, कारण पूर्वी घाणा बैलच ओढीत असे. गूळ जातो, कारण उसाचा चरकही त्यानेच फिरवला. मोटेचे पाणीदेखील त्याचेच. काही घरी गाईचे दूधतूपही घेत नाहीत. शेवटी उरते ते परसात कुदळीने खणून लावलेले किंवा आपसूक उगवलेले: अळू, माठ, भोपळा, पडवळ, भेंडी, सुरण, मक्याचे कणीस, आंबाडे. एका पातेल्यात हे सारे मीठ, हिरवी मिरची व चिंच घालून शिजवायचे. चिंच विसरू नये, अळू खाजते. कोठे पाणथळीत उगवणारा देवभात मिळाला, तर तेवढाच भात. रोजच्या ताटातून एक बैल वजा केला की एवढेच शिल्लक राहते, आणि ते एका दिवसापुरते.

हल्ली तरुण मंडळी विचारतात, “आमच्या शेतात पॉवर टिलर आहे, बैल नाहीच, मग आमचा भात चालेल ना?” अक्षरशः पाहिले तर चालेल. मग बाजारातले बहुतेक सारेच धान्य ऋषीचे ठरेल आणि व्रतात वर्ज्य असे काही राहणारच नाही. जुन्या बायकांनी हा युक्तिवाद कधी मानला नाही. माझ्या आईचे उत्तर सरळ होते: “तू खणलंस का? मग खा.” आपल्या हाताने किती पिकते याचे माप त्या दिवशी घ्यावयाचे असते.

मुरबाड तालुक्यात म्हसे येथे पौष पौर्णिमेस श्री खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तेथील बैलबाजार सर्वदूर प्रसिद्ध आहे. दात मोजून, खुरे-शिंगे पाहून बैलाची किंमत तेथे ठरते. विदर्भ-मराठवाड्यात श्रावण अमावास्येस पोळ्याला त्याची पूजा होते, आणि त्यानंतर पाचव्या दिवशी हे व्रत येते. मला यात्रा आणि पोळा दोन्ही प्रिय आहेत. पण त्याच्या श्रमाचा घास एक दिवस तोंडात न घालणे अधिक अवघड आहे.

आपल्याकडे वरकस उतारावर कुदळीने नागली-वरी करणारे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बांधव आहेत. त्यांच्या बायका पावसाळ्यात रानभाज्यांचे भारे घेऊन आसनगाव, खर्डीहून लोकलने कल्याणपर्यंत जातात. त्यांच्या टोपलीतील पुष्कळसे हाताचेच असते. व्रताची भाजी घेताना त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे भाविक मी पाहिले आहेत. उपवास कडक पाळणारेच त्यांत अधिक, हे खेदाने लिहितो.

मधुमेह किंवा अन्य आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच हे व्रत करावे. औषध घेतल्याने व्रत मोडत नाही, असे धर्मशास्त्रच सांगते.

त्या माउलींच्या प्रश्नानंतर संस्थानात ऋषिपंचमीस वरी शिजवणे बंद झाले. भाविक आपल्या परसातून आणतील तेवढेच त्या दिवशी एका पातेल्यात शिजते. कधी पातेले भरते, कधी निम्मेच राहते. एका वर्षी अळूच अळू आणि भोपळा एकच होता. या भाजीसाठी रोख देणगीची पावती फाडली जात नाही, याची देणगीदारांनी कृपया नोंद घ्यावी. भाजी चतुर्थीच्या सायंआरतीपूर्वी कार्यालयात आणून द्यावी, आणि ती कोणी लावली, कोणी खणली, ते सोबत सांगावे. आम्ही ते वहीत लिहून ठेवतो.

— चिटणीस, संस्थान कार्यालय