अनाथोथचें शेत

संशय मनांत येणें आणि संशयाच्या स्वाधीन होणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा भेद आमच्या मंडळ्यांत पुष्कळांस ठाऊक नसतो. म्हणून एखाद्याच्या मनांत प्रश्न उठला कीं तो उपासनेस यावयाचें टाळितो, आणि तो उपदेशक असला तर लोकांपुढें उपदेश करितो व आंतल्या आंत झुरतो. अशा बंधुभगिनींनीं यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय उघडावा.

सिद्कीया राजाचें दहावें वर्ष, म्हणजे ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमाराचा काळ. बाबेलच्या सैन्यानें यरुशलेमेस वेढा घातला होता. नगरांत दुष्काळ व मरी. आणि यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकांत कैदेंत. अशा वेळीं त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो कीं, अनाथोथांतलें माझें शेत तूं विकत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमेपासून जेमतेम दीड कोस. पण मध्यें शत्रूची छावणी! शेतकरी वाचकहो, अशा जमिनीला तुम्ही एक रुपया तरी द्याल काय? यिर्मयानें १७ शेकेल रुपें तोलून दिलें. (शेकेल म्हणजे वजनानें आपल्या तोळ्याच्या जवळपास.) खत झालें, साक्षीदारांनीं सह्या केल्या, मोहोर लागली. मोहोर केलेलें खत व उघडें खत हीं दोन्ही त्यानें बारूखाच्या हवालीं केलीं, आणि तीं पुष्कळ दिवस टिकावीं म्हणून मातीच्या मडक्यांत ठेवावयास सांगितलें. कारण ह्या देशांत घरें, शेतें व द्राक्षमळे ह्यांची खरेदी पुन्हां होईल, असें देवाचें वचन होतें.

हा व्यवहार पुरा झाल्यावर तो प्रार्थनेस लागला, आणि त्याच्या मनांतलें तेथें बाहेर आलें. देवाचें सामर्थ्य तो आधीं कबूल करितो; मग वेढ्याचे मोर्चे दाखवून म्हणतो कीं, नगर तर शत्रूच्या हातीं जात आहे, आणि तूं मला शेत घे म्हणून सांगितलेंस! ही कुरकुर नव्हे. पण निःशंक मनाची स्तुतीही नव्हे. पाहा, हा प्रश्न त्यानें चावडीवर नेला नाहीं. ज्यानें वचन दिलें त्याच्याचपुढें ठेविला, आणि तोही रुपें तोलून दिल्यावर. विचारल्याबद्दल देवानें त्याला दटाविलें नाहीं; सविस्तर उत्तर दिलें.

आणखी एक गोष्ट. वेढा उठेल असें वचन यिर्मयाला मिळालें नव्हतें. नगर पडणार हें तोच सांगत होता, आणि त्याचमुळें तो कैदेंत होता. आमच्यांतले कित्येक असें धरून चालतात कीं, बाप्तिस्मा झाला म्हणजे विहीर आटणार नाहीं, लेकरूं तापानें जाणार नाहीं, जमिनीचा दावा आपणच जिंकूं. मग पाऊस गेला कीं भाऊबंद विचारितात, तुमचा देव कोठें आहे? आणि हा बिचारा निरुत्तर होतो. पण जें वचन तो धरून बसला तें देवानें दिलेलेंच नव्हतें. देव आपल्या लोकांस टाकीत नाहीं, आणि मरण हा त्यांचा शेवट नव्हे, हें मात्र त्यानें दिलेलें आहे. ज्याच्या घरचें लेकरूं गेलें त्याला हें सांगणें सोपें नाहीं, आणि घाईनें सांगूंही नये. आधीं त्याच्याजवळ जाऊन बसावें.

पुढल्या वर्षीं यरुशलेम पडलें. उरलेल्या लोकांनीं यिर्मयाला आपल्याबरोबर मिसर देशांत नेलें. त्या शेताचा एक दाणाही त्याच्या घरीं आल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं. ख्रिस्तपूर्व ५३८ मध्यें पारसाचा राजा कोरेश ह्यानें बंदिवानांस स्वदेशीं जाण्याची मोकळीक दिली. परत आलेल्यांची यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायांत आहे; तिच्यांत नुसतीं नांवें व आंकडे असल्यामुळें वाचणारे बहुधा ती ओलांडून जातात. तिच्यांत अनाथोथचीं माणसें १२८ आहेत.