पाडलेले विमान कोणाच्या नावावर?

पाच विमाने पाडली की वैमानिक ‘एक्का’, ही मोजदाद पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रूढ झाली. ब्रिटिश लष्कराच्या ती फारशी पचनी पडली नाही. रोज जीव मुठीत धरून शत्रूच्या तोफांची टेहळणी करणारे मागे राहतील आणि चारदोघांचेच पोवाडे गायले जातील, अशी धास्ती होती. ती रास्तच होती. पण खंदकांत माणसे हजारोंनी निनावी मरत असताना लोकांना एखादा चेहरा हवाच होता. तो अल्बर्ट बॉल या वैमानिकाच्या रूपाने मिळाला. शत्रूच्या विमानाच्या पोटाखाली एकट्याने शिरायचे आणि पंखावरची लुईस गन वर रोखून झाडायची, ही त्याची रीत. मे १९१७ मध्ये तो गेला, तेव्हा वय २० आणि नावावर ४४ विजय.

आता हे ‘विजय’ कसे मोजत, ते पाहा. विमान गटांगळ्या खात खाली गेले, कोसळताना कोणी पाहिले नाही, तरी ब्रिटिश हिशेबात तो विजय. कलकत्त्यात जन्मलेल्या इंद्रलाल रॉयने जुलै १९१८ मध्ये एसई-५ए विमानातून दोन आठवड्यांच्या आत दहा विजय मिळवले. त्यांतले निम्मे असे, आणि काही सहकाऱ्यांबरोबर सामाईक. यात रॉयचे शौर्य उणे होत नाही. मोजपट्टी किती सैल होती एवढेच कळते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये जर्मन विमाने ब्रिटनवर चालून आली, तेव्हा तर एकट्याची लढाई उरलीच नव्हती. किनाऱ्यावरची रडार केंद्रे, दुर्बिणी लावून बसलेले निरीक्षक, नकाशावर खुणा सरकवणाऱ्या मुली, असा सगळा गोतावळा कामाला लागे, तेव्हा कुठे वैमानिक शत्रूपर्यंत पोहोचे. नाव स्पिटफायर या लढाऊ विमानाचे झाले. जास्त विमाने पाडली ती हरिकेननी. १५ सप्टेंबरला ब्रिटनने १८५ विमाने पाडल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात जर्मनांनी गमावली साधारण ६०. हा निव्वळ थापेबाजीचा प्रकार नव्हता. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, तर तिघेही ते आपणच पाडले असे प्रामाणिकपणे सांगत.

रात्रीच्या लढाईत हा हिशेब आणखी गुंतला. ब्रिटिश वैमानिक जॉन कनिंगहॅम अंधारात जर्मन बाँबफेकी विमाने हेरतो ते गाजरे खाऊन, असे सरकारने पसरवले. विमानातले रडार लपवायचे होते. वर्तमानपत्रांनी ‘मांजरडोळ्या’ हे नाव चिकटवले. कनिंगहॅमला ते मुळीच आवडत नसे. त्याच्या ब्यूफायटर विमानात रडारच्या पडद्यावरचे ठिपके पाहत वैमानिकाला डावे-उजवे सांगणारे डोळे होते जिमी रॉन्स्ली यांचे. सरकारी गुप्ततेपायी ते गाजरांआड गेले. कनिंगहॅमच्या नावावरच्या २० विजयांपैकी बहुतेकांच्या वेळी रॉन्स्लीच त्याच विमानात होते.